नमुना क्रमांक तीन

साकोलीहून पहिली एसटी खैरीपटाला पोचते
दहा चाळीसला, तीही पंक्चर नसेल तर.
म्हणून गेली सहा वर्षं या नदीचं पाणी
माझ्या वहीत कायम अकरा वीसचं आहे.

खांद्याला लाकडी पेटी, आत तीनशे मिलीच्या बाटल्या,
काचेची बुचं दोऱ्यानं मानेला बांधलेली.
बाटली भरताना बुडबुडा आत जाता कामा नये.
वरचा वारा मोजायचा नाही,
नदीनं पोटात धरून ठेवलेला मोजायचा.

पहिला नमुना राइस मिलच्या वर.
दुसरा, जिथे उसन्या तांदळाच्या हौदाचं पाणी
कोमट, आंबूस, पेजेसारखं पिवळट,
पाइपातून उतरतं आणि काठाकाठानं चालू लागतं.
तिसरा खाली दीड कोसावर, ढिवरांच्या घाटाला.

प्रवाहाचा वेग मी संत्र्यानं मोजतो.
ते अर्धंअधिक बुडून चालतं, वाऱ्याला भीक घालत नाही.
वीस मीटरला एकशे चाळीस सेकंद.
खाली पोरं ते झेलतात, सोलून खातात,
आंबट होतं म्हणतात.

वेग, खोली, उष्णता, यांतून एक आकडा निघतो:
नदी दिवसाला किती घाण पचवेल, किलोत.
आलेखावर रेघ मिलपाशी घसरते,
झोळीसारखी लोंबते, मग सावरत
पुलापाशी पुन्हा जागेवर येते.
साहेब म्हणतात, बघा, नदी स्वतःला सुधारते.
झोळीचा तळ घाटावर येतो खरा,
पण घाटावरही अकरा वीसला साडेसहा भरतात.
मासा जगायला पुरे.

“मंग मासा काहून मरते जी?”
पारबता दुधपचारे, डोंग्यात उभी, जाळं झटकत.
“तुमी येता तवा नदी न्हाऊनधुऊन बसली रायते.
उनात शेवाळ फसफसते, पानी खुशाल.
पाहाटे या ना. कोंबड्याच्या आंधी.
बोटऱ्या तोंड वर काडून वारा पितेत.
हातानं उचला, पळत नाई.”

मी कार्यालयीन वेळेबद्दल काहीतरी बोललो.
“नदीचं कोनतं ऑफिस हाय?” म्हणाली, आणि डोंगा लोटला.

एप्रिलात मी समाजमंदिरात मुक्काम केला.
झिंग्याची चटणी, भात, डास.
पावणेचारला टॉर्च दातांत धरून गुडघाभर पाण्यात उतरलो.
शेवाळही रात्री श्वास घेतं, हे मी शिकलो होतो,
परीक्षेत लिहिलंही होतं.

एक औषध पिपेटनं तळाशी, मागोमाग दुसरं.
प्राणवायू असला की बाटलीत तांबूस ढग होतो,
रापलेल्या मातीसारखा, आणि सावकाश खाली बसतो.
सहा वर्षं तो या घाटावर तांबूसच होता.

आज पांढरा.
टॉर्च जवळ नेला. हलवून पाहिलं.
पांढराच, धुतल्या तांदळासारखा.

“दुदावानी दिसते,” पारबता म्हणाली.
म्हटलं, पांढरं म्हणजे आत काहीच नाही.
“तेच त सांगून रायलो मी.”

फॉर्मवर वेळेचा रकाना छापील आहे: स. १० ते सायं. ५.
शेऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं, पहाटे ३.५०, शून्य.
मग थांबून, पेनानं गिरवलं.

एसटीला सात तास होते.
उताणे मासे ती वेगळे काढत होती,
हे विकायचे नाहीत, खड्ड्यात.
एका खवलीचा कल्ला अजून हलत होता.
तिनं नातवाला उठवलं, सायकलला बादली अडकवली,
मिलच्या वर नेऊन सोड म्हणाली, सांडू नको.

पोरगा डोळे चोळत निघाला.
बादलीत पाणी कुठलं घेतलंस, मी विचारलं.

“हापशीचं,” तो म्हणाला,
माझ्याकडे न पाहता.